जुन्या सँट्रोचा टाकीतला पेट्रोल पंप बदलायचाय, आधी काय काय तपासावं?

मानपाडाकर

नमस्कार मंडळी. गाडी २००६ ची सँट्रो झिंग, पेट्रोल, एमएच-०४. बाबांनी नवी घेतली होती. पंधरा वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण करून घेतलंय, पत्रा अजून चांगला आहे आणि आईला हीच गाडी हवी असते, कारण चढता-उतरताना गुडघ्यांना त्रास होत नाही. त्यामुळे विकण्याचा विषय नाही.

त्रास असा आहे. सकाळी पहिल्याच सेल्फला चालू होते. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर रखडली की ओढ कमी होते. गायमुखचा चढ लागला की झटके खाते, एसी चालू असेल तर बंदच पडते. मग सेल्फ मारत राहायचं, इंजिन फिरतं पण पकडत नाही. बाजूला घेऊन बराच वेळ थांबलं की पुन्हा चालू. टाकी अर्ध्याच्या वर असताना त्रास कमी वाटतो, रिझर्व्हच्या आसपास हमखास होतो.

गॅरेजवाले म्हणतात टाकीतला पंप गेला, पूर्ण असेंब्ली (मोटर, पेट्रोल गाळणारी जाळी, पातळी दाखवणारा फ्लोट असा सगळा संच) बदला. त्यांनी काही मोजलेलं मला दिसलं नाही. प्लग आणि एअर फिल्टर आधीच नवे टाकलेत. पंपच गेलाय हे खात्रीने कसं कळेल? आणि मागच्या सीटखालून हे काम करता येतं म्हणतात, ते कितपत खरं?

पाना_दहा_बारा

लक्षणं पंपाची आहेत हे खरं, पण हुबेहूब हीच लक्षणं क्रँक सेन्सरही (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा) देतो. गरम झाला की सिग्नल सोडतो, थंड झाला की पुन्हा सुरळीत. पंप बदलून घेतला आणि गाडी तशीच बंद पडली, अशा तक्रारी येतात त्यात बऱ्याचदा हाच गोंधळ असतो. त्यामुळे गाडी पुढच्या वेळी बंद पडेल तेव्हा तिथेच, गरम असतानाच बघा. थंड झालेल्या गाडीत काही सापडत नाही.

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटवर कोणाला तरी कान देऊन बसवा. पंपाचा दोनेक सेकंद घूं आवाज येतो आणि थांबतो, तेवढ्यात तो लाइनमध्ये दाब भरतो. आवाजच आला नाही तर फ्यूज, रिले (पंपाचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच), वायरिंग किंवा पंप यांपैकी एक. हॉर्नचा किंवा दुसरा कुठला रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा, पैसे न घालवता एक शंका मिटते. आवाज आला म्हणजे पंप चांगला असं मात्र समजू नका. झिजलेला पंपही आवाज करतो, उलट जास्तच.

मग सेल्फ मारताना आरपीएम मीटर असेल तर त्याच्या काट्याकडे लक्ष ठेवा. जरासा जरी हलला तरी सेन्सर बहुधा काम करतोय. अजिबात हलत नसेल तर आधी सेन्सर तपासा. प्लगला ठिणगी आहे आणि तरी इंजिन पकडत नाही, तर पेट्रोल पोचत नाहीये असं धरून पुढे जायचं.

आणि मग गेज लावून दाब मोजायचा. यापुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं. मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या (प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर) बहुतेक गाड्यांत तीन ते साडेतीन बारच्या (बार म्हणजे दाबाचं एकक) आसपास दाब लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. थंड इंजिनवर एकदा मोजा आणि तापवून, रेस देऊन पुन्हा मोजा. गेज न लावता ‘पंप गेला’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, मग तो कितीही जुना-जाणता असो.

मागच्या सीटखालून होतं का, तर हो. सँट्रोला गादीखाली झाकण आहे, टाकी उतरवावी लागत नाही.

पामबीच_रोजचा

रिझर्व्हवरच जास्त त्रास होतो हे महत्त्वाचं आहे. पंप पेट्रोलमध्ये बुडलेला असतो आणि तेच पेट्रोल त्याला थंड ठेवतं. टाकी कायम रिकामी ठेवणाऱ्यांचे पंप लवकर जातात.

पाना_दहा_बारा

पामबीच, बरोबर, फक्त एक भर घालतो. असेंब्लीत पंप एका कपात बसलेला असतो आणि तो कप टाकीतल्या पेट्रोलने भरत राहतो, म्हणून रिझर्व्हला आला की लगेच कोरडा पडत नाही. पण पेट्रोल थोडं उरलं की तेवढंच पुन्हापुन्हा पंपातून फिरतं आणि तापतं. पेट्रोल मोटरच्या आतूनच जातं, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आणि त्याला वीज पोचवणाऱ्या कार्बन ब्रशला तोच एक गारवा. त्यामुळे पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका, ही सवय खरंच लावून घ्या.

रबाळे_इन्स्ट्रुमेंट

दाब मोजा, पण त्याच्याही आधी पंपाला पुरतं व्होल्टेज पोचतंय का ते बघा. मी रबाळे एमआयडीसीत याच कामात आहे आणि वीस वर्षं जुन्या वायरिंगवर माझा विश्वास नाही.

मोजायचं ते पंप चालू असताना, पंपाच्या वायरींचा प्लग (कनेक्टर, स्पार्क प्लग नव्हे) जोडलेला ठेवून, मागच्या बाजूने पिनला टोक लावून. प्लग काढून उघड्या तोंडावर मोजलेला आकडा फसवतो. करंट वाहत नसतो तेव्हा सडलेला सांधाही बारा व्होल्ट दाखवतो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं पंपाच्या पॉझिटिव्ह पिनवर ठेवा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर मधे कुठेतरी व्होल्टेज खाल्लं जातंय. हीच तपासणी अर्थच्या बाजूनेही करायची, ती बहुतेक जण विसरतात.

हिशेब साधा आहे. टाकीतले पंप ढोबळमानाने ३ ते ६ अँपिअर घेतात. ५ अँपिअर धरा. प्लगच्या पिनवर गंज चढून अर्धा ओहम रोध आला, तर अडीच व्होल्ट तिथेच गेले आणि साडेबारा वॅट उष्णता त्या एवढ्याशा पिनवर निघाली. प्लॅस्टिक वितळलेले प्लग सापडतात ते यामुळे. पंपाला साडेबाराऐवजी दहाच व्होल्ट मिळाले तर तो हळू फिरणार, दाब पडणार आणि दोष मात्र पंपाच्या नावावर जाणार.

झाकण उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर तिथे मीटर लावू नका. आधी गळती शोधा.

गायमुख_अपडाऊन

एवढं सगळं करण्यापेक्षा बाहेरून इनलाइन पंप लावून टाका. टाकी उघडायलाच नको. आमच्याकडे एकाने लावलाय, चालतोय.

पाना_दहा_बारा

गायमुख, विनंती आहे, हा सल्ला कोणी घेऊ नये. हे पंप ढकलतात चांगलं, ओढत नाहीत. टाकीत ठेवण्याचं कारणच ते आहे. बाहेरच्या पंपाला बंद पडलेल्या पंपातून आणि भरलेल्या जाळीतून पेट्रोल ओढावं लागतं, ओढताना दाब कमी होऊन गरम पेट्रोलचे बुडबुडे होतात आणि एप्रिल-मे महिन्यात गाडी पुन्हा तिथेच उभी. शिवाय गाडीखाली तीन बार दाबाची लाइन कापून दोन जास्तीचे सांधे आले. गायमुखच्या खड्ड्यांत त्यांतला एक जरी सैल झाला तर थेट गरम सायलेन्सरच्या शेजारी फवारा उडतो. चालतोय तोवर चालतोय.

खारघर_नवशिका

माझा अगदी प्राथमिक प्रश्न. पेट्रोलच्या टाकीत विजेची मोटर, तिच्या ब्रशला ठिणग्या पडतात. मग स्फोट कसा होत नाही?

रसायन_शिकवते

प्रश्न प्राथमिक नाही, चांगला आहे, आणि उत्तर या कामात प्रत्येकाला माहीत असायला हवं.

पेट्रोलची वाफ पेट घेते ती हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तेव्हाच. त्याहून कमी असेल तर जळायला इंधन पुरत नाही, जास्त असेल तर प्राणवायू पुरत नाही. बंद टाकीत पेट्रोल असेल तर आपल्याकडच्या तापमानाला वाफ या वरच्या मर्यादेच्या बऱ्याच पुढे असते. मोटरच्या आत तर पेट्रोलच भरलेलं असतं, तिथे हवाच नाही. म्हणून आत ठिणगी पडली तरी काही होत नाही.

धोका सुरू होतो तुम्ही टाकी उघडता तेव्हा. टाकीच्या तोंडापाशी वाफ हवेत मिसळते आणि कुठेतरी तो १.४ ते ७.६ चा पट्टा तयार होतोच. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी खाली उतरते, गाडीच्या फ्लोअरवर साचते, दारातून जमिनीवर येते आणि उताराकडे सरकते. ठाण्यातल्या नव्या सोसायट्यांत दोन-दोन मजले बेसमेंट पार्किंग आहे. तिथे हे काम कोणीही, कधीही करू नये. वाफ जाईल कुठे? पलीकडच्या पंपरूममध्ये मोटर चालू झाली की तेवढी ठिणगी पुरते. उघड्यावर करा, वारा असलेल्या जागी, आणि पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवून. मोबाइल, सिगारेट, हॅलोजनचा दिवा सगळं लांब. अंगात नायलॉनचा शर्ट नको, सुती घाला.

खारघर_नवशिका

धन्यवाद ताई. आमच्याकडे पोडियमखाली पार्किंग आहे, तिथेच करायचा विचार होता. रद्द.

मानपाडाकर

सगळ्यांचे आभार. मोजमापं घेऊन आलो.

गाडी बंद पडली तेव्हा मागे बहिणीला बसवलं होतं. पंपाचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा चिरका. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलत होता. म्हणजे क्रँक सेन्सरवरचा संशय बराचसा गेला.

रबाळे यांच्या पद्धतीने मोजलं. पॉझिटिव्ह बाजूला १.६ व्होल्ट जात होते, अर्थला जवळजवळ काही नाही. प्लग काढून बघितला तर एक पिन तपकिरी झालेली आणि तिच्या भोवतीचं पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं. नवा प्लग वायरला क्रिंप करून बसवला. आता ०.२ वर आलंय. गाडीला ओढ लगेच जाणवली.

पण त्यानंतर गेज लावला. थंड असताना ३.१ बार, आणि तापल्यावर रेस दिली की १.९. इंजिन बंद केल्यावर काटा डोळ्यांदेखत शून्यावर येतो.

पाना_दहा_बारा

छान काम केलंत. आता उघडायला हरकत नाही. इंजिन बंद केल्यावर दाब लगेच पडतोय याची तीन कारणं असू शकतात: पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप), रेग्युलेटर (दाब ठरावीक ठेवणारा), किंवा टाकीच्या आतली नळी. इंजेक्टर गळत असेल तरीही पडतो, पण मग सकाळी काळा धूर आणि प्लग ओले दिसले असते, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पहिल्या तिन्ही गोष्टी असेंब्लीतच आहेत.

मानपाडाकर

पूर्ण असेंब्ली घेऊ की नुसती मोटर? किमतीत बराच फरक आहे.

कुर्ला_स्पेअर_फिरणारा

तुमच्या असेंब्लीचं प्लॅस्टिक शाबूत असेल तर चांगल्या कंपनीची मोटर, नवी जाळी आणि ओ-रिंग (वरच्या प्लेटखालचं रबरी कडं) पुरते. प्लॅस्टिकच्या कड्या तुटल्या असतील किंवा फ्लोटचं सेन्सर खराब असेल तर पूर्ण घ्या. कुर्ल्याच्या भंगारातली जुनी असेंब्ली मात्र घेऊ नका. दरवाजे, बंपर, आरसे तिथे जरूर घ्या, पंप नको. ती गाडी किती महिने कोरड्या टाकीने उभी होती हे कोणालाच माहीत नसतं.

नकली मोटरी खूप आहेत, अगदी मोठ्या ब्रँडच्या खोक्यात. खोकं बघून फसू नका. अंगावर कोरलेला नंबर स्वच्छ आहे का, खोक्यावरच्या नंबराशी जुळतो का, टर्मिनलवर बारीक हिरवट डाग आहेत का ते बघा. दुकानदार जीएसटीचं बिल द्यायला कां-कूं करत असेल तर तिथून निघा.

ऐरोली_जुनी_एस्टीम

ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल कोणीच बोललं नाही? माझं म्हणणं आहे की हे सगळं इथेनॉलमुळे होतंय. आमच्या २००४ च्या गाडीचे रबर एका पावसाळ्यात गेले.

रसायन_शिकवते

‘सगळं’ म्हणता येणार नाही, पण विषय खरा आहे आणि तो टाळू नये.

एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांच्या इंधनमार्गात ई-२० ला टिकणारं साहित्य वापरलेलं आहे. त्याआधीच्या गाड्यांत, विशेषतः २०००-१० च्या काळातल्या, साध्या नायट्राइल रबराच्या नळ्या आणि रिंगा असतात. इथेनॉलने त्या फुगतात, मऊ पडतात आणि वाळल्या की तडकतात. फ्लुओरोकार्बन रबर टिकतं, बदलताना ते मागा. मायलेजचं बोलायचं तर निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींत ई-२० मुळे ६ ते ७ टक्के घट येऊ शकते. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलच्या दोन-तृतीयांश असते, त्यामुळे यात नवल नाही.

आपल्या भागात दुसरी गोष्ट अधिक त्रास देते. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. थोडं पाणी असेल तर ते मिसळून जळून जातं. जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होतो आणि तळाशी बसतो, म्हणजे नेमका पंपाच्या जाळीपाशी. पावसाळाभर सोसायटीत उभी असलेली, अर्धी टाकी रिकामी असलेली गाडी याला जास्त बळी पडते. शंका असेल तर तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या, बूच लावून सावलीत रात्रभर ठेवा. थर वेगळा दिसला तर टाकी रिकामी करून स्वच्छ करायला हवी. नवा पंप त्याच पाण्यात टाकण्यात अर्थ नाही.

मानपाडाकर

काम झालं. पुढे कोणाला करायचं असेल म्हणून सविस्तर लिहितो.

वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या वर्कशॉपच्या उघड्या अंगणात केलं. मिस्त्री अनुभवी, मी हाताखाली. टाकी पाव भागाच्या खाली येऊ दिली होती. पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू केलं, लाइनमधलं पेट्रोल संपल्यावर ते आपोआप बंद पडलं. पुन्हा एकदा सेल्फ मारून उरलासुरला दाब काढला, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडवली. चारही दारं आणि डिकी उघडी.

गादी निघाली, कार्पेट उचललं, झाकण काढलं. आतला खळगा धुळीने आणि वाळलेल्या चिखलाने भरलेला. मिस्त्रींनी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवला. आधी कोरडा ब्रश, मग व्हॅक्यूम, व्हॅक्यूम दूर नेऊन ठेवल्यावर ओल्या फडक्याने पुसणं. प्लेट सोडवल्यावर जो कण आत पडेल तो नव्या जाळीवर जाऊन बसेल, असं ते म्हणाले. पाइपचा सांधा सोडवताना फडकं गुंडाळून ठेवलं, तरी थोडं पेट्रोल आलंच. तो सांधा आधी किंचित आत ढकलायचा, मग दोन्ही कळा दाबून ओढायचा. उचकटायचा नाही, तिथली नळी मोडली तर ती मिळवणं पंपापेक्षा कठीण.

असेंब्ली सरळ वर येत नाही, फ्लोटचा दांडा अडतो. तिरकी करून, थोडी फिरवून काढली. दांडा वाकला तर पेट्रोलचा काटा कायमचा खोटं दाखवणार, म्हणून मी टॉर्च धरून होतो आणि त्यांनी घाई केली नाही. टॉर्च सीलबंद एलईडीची, बाहेरच चालू करून आणलेली.

आता खरी गोष्ट. जाळी मूळची पांढरट, ती काळपट तपकिरी झालेली, बोटाने चोळली तर तांबूस भुकटी हाताला लागली. आणि मोटरच्या तोंडापासून वरच्या प्लेटपर्यंत जी छोटी काळी रबरी नळी जाते ती दाबून बघितली तर च्युइंगगमसारखी चिकट. क्लिपच्या कडेला बारीक चीर. मोटर फिरत होती, दाब तयार होत होता आणि त्यातला बराचसा त्या चिरेतून टाकीतच परत गळत होता. बाहेर एक थेंब नाही, म्हणून कोणाला कळणार नाही. नळीवर आतमध्ये वापरायचा कुठलाच शिक्का नव्हता. बाबांनी बहुतेक पूर्वी कधीतरी नुसती मोटर बदलून घेतली होती, तेव्हा कोणीतरी बाहेरची साधी नळी लावली असणार.

नवी मोटर, नवी जाळी, नवी नळी, नव्या क्लिपा, नवी ओ-रिंग. जुनी ओ-रिंग काढल्या काढल्या इतकी फुगली की खाचेत परत बसेना.

बॅटरी जोडून चावी काही वेळा ऑन-ऑफ केली, दाब भरला, सांधा कोरडा आहे हे बघून मगच इंजिन चालू केलं. गरम झाल्यावर रेसवर ३.२ बार, इंजिन बंद केल्यावर काटा जागेवर. रात्री काचा बंद करून ठेवली आणि सकाळी दार उघडून पहिला श्वास घेतला, वास नाही. आईला घेऊन एसी लावून गायमुख चढून आलो.

पाना_दहा_बारा

अभिनंदन. नळीचं लिहिलंत ते फार बरं केलंत. नुसती मोटर बदलणाऱ्यांनी हे नीट वाचा.

साधी इंजेक्शनची नळी आतून पेट्रोल सहन करते, बाहेरून नाही. तिचं बाहेरचं आवरण ऊन-धुळीसाठी असतं. ती पेट्रोलमध्ये बुडवून ठेवली की बाहेरून विरघळायला लागते. बुडवून ठेवायच्या नळीवर एसएई जे-३०आर१० असं छापलेलं असतं. ती महाग असते, कधी कधी इंचावर विकतात. तेवढीच घ्या, पण तीच घ्या. क्लिपही गोल पट्टीची, इंजेक्शनची. खाचा असलेली साधी स्क्रूची क्लिप नळी कापते. आणि ओ-रिंगला ग्रीस किंवा सिलिकॉन सीलंट लावू नका. सिलिकॉन पेट्रोलमध्ये सुटतं आणि त्याचे तुकडे जाळीत जातात.

वाशी_सेक्टर_सतरा

माझी २००९ ची वॅगन-आर, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. पेट्रोल नावापुरतंच असतं. आता पेट्रोलवर चालूच होत नाही, मी थेट गॅसवर चालू करतो. पंप गेला असेल का? आणि मेकॅनिक म्हणतो मागच्या सीटखाली पत्रा कापून भोक पाडू, म्हणजे टाकी उतरवायला नको.

पाना_दहा_बारा

पत्रा कापू देऊ नका. आत्ताच्या आत्ता नाही म्हणून सांगा. त्या पत्र्याच्या दोन-चार इंच खाली टाकी आहे, तुमची तर जवळपास रिकामी, म्हणजे वाफेने भरलेली. ग्राइंडरच्या ठिणग्या आणि वाफ, आणि डिकीत २०० बारचा सिलिंडर. वर ताईंनी जे आकडे दिलेत ते मेकॅनिकला वाचून दाखवा.

तुमच्या गाडीला टाकी उतरवावी लागते, ते काम मोठं आहे पण सरळ आहे. आधी टाकी रिकामी करा. भरलेली ३५ लिटरची टाकी म्हणजे नुसतं पेट्रोलच पंचवीस किलोच्या पुढे. खाली जॅकवर लाकडाची फळी ठेवून तिच्यावर टाकी झेलायची, पट्टे सैल करून थोडी खाली घ्यायची आणि मग वरचे पाइप आणि प्लग सोडवायचे. भरायच्या नळीचा रबर आणि वाफेच्या बारीक नळ्या त्याच वेळी बदला, पुन्हा कोण उतरवणार?

पंप का गेला तेही बघा. बाहेरच्या कित्येक किटमध्ये गाडी गॅसवर असतानाही पेट्रोल पंप फिरतच राहतो. टाकीत दोन-तीन लिटर असेल तर तेच पेट्रोल तापत राहतं. किटवाल्याकडून पंपाच्या वायरीत रिले घालून घ्या, गॅसवर गेल्यावर पंप बंद. गाडी मात्र रोज पेट्रोलवरच चालू करा आणि थोडी चालू द्या.

वाशी_सेक्टर_सतरा

पत्रा कापणं रद्द. आवाज येत नाही, चावी ऑन केल्यावर एकदम शांत. म्हणजे आधी फ्यूज-रिले?

रबाळे_इन्स्ट्रुमेंट

हो, आणि किट बसवताना त्यांनी पंपाची वायर कुठे कापली आहे का तेही. टेपने गुंडाळलेला सांधा बहुधा डॅशबोर्डखाली किंवा बोनेटमध्ये किटच्या कॉम्प्युटरजवळ सापडेल. शनिवारी दुपारनंतर मी तुर्भ्याला असतो, मीटर आणि गेज दोन्ही बरोबर आहेत. गाडी गॅसवर घेऊन या, टाकी उतरवायच्या आधी वायर बघू.

वाशी_सेक्टर_सतरा

येतो दादा. व्यक्तिगत निरोप पाठवतो.